मानेतले १.१ मिलिमीटर

२९ मे २०२४, बुधवार. पतसंस्थेत दुपारची रोकड मोजत होते. मोबाइल थरथरला, बघितलं तर व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ. तीन दिवसांपूर्वी तपासणी शिबिरात मान तपासून घेतली होती, त्याचा रिपोर्ट. उघडला. उजवीकडे इंटिमा मीडिया थिकनेस, म्हणजे मानेच्या शिरेच्या भिंतीची जाडी, १.१ मिलिमीटर, डावीकडे ०.९. उजव्या बल्बमध्ये (शीर दुभागते तिथल्या फुगीर भागात) लहान प्लाक. खाली एक ओळ, क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे रुग्णाला तपासून जुळवून बघा. बस्स. कोणी फोन केला नाही, कोणाला भेटा ते लिहिलं नाही. त्या दिवशी रोकड पाचशेने कमी भरत होती. तीनदा मोजली. चौथ्यांदा मॅनेजरांनी मोजली तेव्हा बरोबर निघाली.

हा रिपोर्ट हातात आल्यापासून डिसेंबरपर्यंत काय काय झालं ते लिहून ठेवतेय. त्या दुपारी मी मोबाइलवर मराठीतून शोधलं तेव्हा एक तर घाबरवणारं सापडलं, नाही तर लसणाचं पाणी प्या असलं काहीतरी. माझ्यासारखी दुसरी कोणी पीडीएफ घेऊन बसली असेल तर तिला निदान पुढचा क्रम तरी कळावा.

सुरुवात खरं तर फेब्रुवारीतली. माझा मोठा भाऊ डोंबिवलीला असतो, वय ५३. ११ फेब्रुवारीला रात्री जेवून उठला आणि छातीत दुखायला लागलं. दोन स्टेंट पडले. (२०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमती बांधून दिल्या, औषधाचा लेप असलेला स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आला. हे दादाच्या बिलाच्या निमित्ताने कळलं. बिलात स्टेंट सोडून बाकीचंच जास्त होतं.) तिथल्या डॉक्टरांनी दादाला विचारलं, भावंडं किती? पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हा आजार झाला, तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यायचं असतं. दादाने मला फोनवर सांगितलं. मी हो हो म्हटलं. मग मार्चअखेर आली, मग काजू, मग आंबा. मी ४९ वर्षांची, छातीत काही दुखत नव्हतं, जिना चढताना धाप लागायची ती वजनाने असं समजत होते. फेब्रुवारीचं मे कधी झालं ते कळलंच नाही.

२६ मेच्या रविवारी कणकवलीकडे शिबिर लागलं. दीड हजारात रक्तदाब, साखर, ईसीजी आणि मानेच्या शिरांची सोनोग्राफी. चौथी गोष्ट मी मागितलेली नव्हती, पॅकेजमध्ये होती. मानेला थंड जेल लावून दहा मिनिटं ते हातातलं यंत्र फिरवत राहिले. दुखत नाही, सुई नाही. फक्त उलट्या बाजूला मान वळवून पडावं लागतं. मी छताचा पंखा बघत होते आणि घरी वाटपाला काढून ठेवलेला नारळ आठवत होते.

रिपोर्ट आला त्या रात्री झोप नाही. मानेला सारखा हात लावून बघत होते, जणू जाड झालेली शीर बोटाला लागणार आहे. लागत नाही. १.१ मिलिमीटर म्हणजे जेमतेम दीड एटीएम कार्डाएवढी जाडी. पण रात्री दोन वाजता ते कळून उपयोग नसतो. आमच्या ह्यांना उठवलं. ते म्हणाले, "सकाळी बघू." सकाळी कळलं की आमचे नेहमीचे डॉक्टर मुलीकडे पुण्याला गेलेत, १० जूनला येणार. बारा दिवस. त्या बारा दिवसांत मी तीन चुका केल्या. एक, रोज नवीन काहीतरी वाचलं. दोन, रिपोर्ट दादाला पाठवला, तो स्वतः आजारी असताना. तीन, भात बंद केला. तीन दिवसांत भूक मारून चक्कर आली आणि सासूबाईंनी पेज करून समोर ठेवली.

१० जून, सोमवार. पाऊस नुकताच सुरू झालेला. डॉक्टरांच्या खोलीत नेहमीचा ओल्या चपलांचा वास. ते मला वीस वर्षं ओळखतात, माझी बाळंतपणं त्यांनी बघितलीत, म्हणून ते माझ्याशी मालवणीतच बोलतात. रिपोर्ट वाचला, चष्मा काढला.

"तुका काय होता?"

"काय होणा नाय. म्हणून तर भिती वाटता."

रक्तदाब घेतला. १५०/९४. पाच मिनिटं बसवून परत घेतला, १४८/९२. मग घरातला इतिहास, मग जेवण, मग नेहमीचा प्रश्न, तंबाखू? मी नाही म्हटलं. हे शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टरांनी ते बघितलं. "मशेरी?" मी मान खाली घातली. सव्वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते मी. माहेरी आजीने दात दुखला म्हणून लावली होती, ती सुटलीच नाही. बायकांना मशेरी म्हणजे तंबाखू वाटतच नाही. दात घासायची वस्तू वाटते. तव्यावर भाजून काळा केलेला तंबाखूच आहे तो. तुम्हीही लावत असाल तर डॉक्टरने विचारायच्या आधी स्वतःहून सांगा. मी तो प्रश्न जवळजवळ चुकवला होता.

मग मी विचारलं, मानेची शीर जाड झाली तर छातीशी काय संबंध? त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात चिऱ्याच्या भिंतीवर गेल्या पावसातला एक पोपडा फुगलेला होता. पेनाने तो दाखवत म्हणाले, "ती भिंत बघ. पाणी खंयसून इला तां दिसता काय? नाय. पोपडो मात्र दिसता. आणि ओल काय त्या एकाच कोपऱ्यात नसता."

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं, ते माझ्या भाषेत लिहिते. रक्तवाहिनीची भिंत तीन थरांची. आतला पातळ इंटिमा, मधला स्नायूंचा मीडिया, बाहेरचा ॲडव्हेंटिशिया. जास्तीचं कोलेस्टेरॉल आतल्या थरात शिरतं, तिथे अडकतं, शरीर त्याला परकं समजून सूज आणतं, आणि वर्षानुवर्षं तो थर फुगत जातो. हे एका शिरेत होत नाही, सगळीकडे कमीजास्त होत असतं. मानेची शीर कातडीच्या लगेच खाली असते, स्थिर असते, म्हणून सोनोग्राफीने दिसते. हृदयाच्या शिरा तीन-चार मिलिमीटरच्या, खोल आणि सतत हलणाऱ्या. तिथे सोनोग्राफी पोचत नाही. म्हणून मान बघून अंदाज. १९८६ साली पिग्नोली नावाच्या इटालियन संशोधकाने पहिल्यांदा दाखवलं की ही भिंत बाहेरून सोनोग्राफीने मोजता येते, तेव्हापासून हे मोजणं सुरू आहे.

पण अंदाजच, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सोनोग्राफीत आतला आणि मधला थर वेगळे दिसत नाहीत, दोन्ही मिळून एकच जाडी येते. मधला थर नुसत्या रक्तदाबानेही जाड होतो. म्हणजे १.१ मधलं किती कोलेस्टेरॉलचं आणि किती दाबाचं ते या आकड्यात नाही. ०.९ च्या वर गेलं की वाढलेलं धरतात, वयाबरोबर ते वाढतंही. "त्या १.१ पेक्षा ह्यो शब्द वाच," म्हणत त्यांनी प्लाकवर बोट ठेवलं. प्लाक म्हणजे भिंत सगळीकडे सारखी जाड नाही, एका जागी फुगवटा आहे. मी बारा दिवस चुकीच्या ओळीकडे बघून रडत होते.

लेक रत्नागिरीला बीएस्सीला आहे. तिने नंतर शोधून सांगितलं की २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात या जाडीत दर ०.१ मिलिमीटर वाढीमागे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका १० ते १५ टक्क्यांनी वाढतो असं आलं होतं. मी ते ऐकून परत घाबरले. मग तिनेच पुढचं वाचलं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू, वय हे सगळं आधीच माहीत असेल, तर ही जाडी त्यात फार थोडी भर घालते. म्हणून २०१३ साली अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या दोन मोठ्या संस्थांनी सरसकट सगळ्यांची ही तपासणी करू नका असं सांगितलं. त्याआधी तीन वर्षं, २०१० साली, त्यांनीच ती चालेल म्हटलं होतं. म्हणजे शिबिरात मला जी गोष्ट न मागता दिली, ती मागूनही द्यायची गरज नव्हती कदाचित. पण ती दिली नसती तर मशेरीचा प्रश्न मला कोणी विचारला नसता. या हिशेबाचं काय करावं मला अजून कळलेलं नाही.

१२ जूनला उपाशीपोटी रक्त दिलं, १,२५० रुपये. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८, एचडीएल, म्हणजे चांगलं, ३८, ट्रायग्लिसराइड १९०, तीन महिन्यांची साखर ६.१. शेवटचा आकडा मधुमेहाच्या दारात, आत नाही. १८ जूनला कुडाळला फिजिशियनकडे. ईसीजी धरून सहाशे. त्यांनी त्याच दिवशी रक्तदाबाची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी ॲटोरव्हास्टॅटिन ४० आणि टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून दिला. एकोचे अठराशे. हृदयाचा पंप चांगला, ६० टक्के. ते ऐकून मला वाटलं संपलं. संपलेलं नव्हतं. एको पंप बघतो, पंपाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बघत नाही. हा फरक आमच्याकडे निम्म्या लोकांना माहीत नाही. एको चांगला आला की पेढे वाटतात.

२७ जूनला टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालणं. दीड हजार. मी साडी नेसून आणि चपला घालून गेले, कारण कोणी सांगितलंच नव्हतं. तिथल्या सिस्टरने बाहेरच्या बाईची सलवार आणि तिसऱ्याच कोणाचे तरी कॅनव्हासचे बूट मला घालायला लावले. एक नंबर मोठे. दर तीन मिनिटांनी पट्टा वेगही वाढवतो आणि चढही. पहिल्या तीन मिनिटांतच तो दहा टक्के चढावर असतो, आमच्या घाटीसारखा. २२० मधून वय वजा करायचं, १७१, त्याच्या ८५ टक्के म्हणजे १४५ पर्यंत ठोके न्यायचे. मी सात मिनिटं काढली. ठोके १५० ला गेले, छातीत दुखलं नाही, पाय मात्र थरथरत होते. रिपोर्टमध्ये आलं, संशयास्पद. ईसीजीत किंचित बदल. डॉक्टर म्हणाले बायकांत या तपासणीत खोटं पॉझिटिव्ह बऱ्याचदा येतं, पण मानेत प्लाक, भावाला झटका, एलडीएल १६८ आणि मशेरी, एवढं असताना ते खोटं आहे असं समजून घरी पाठवता येणार नाही. कोल्हापूरला जाऊन सीटी अँजिओ करा, म्हणजे हृदयाच्या शिरांचे सीटी स्कॅनवर फोटो.

आता योजनेचं. आमचं रेशनकार्ड केशरी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार होतात हे सगळ्यांना माहीत असतं. अँजिओप्लास्टीची वेळ आली तर ते लागेल म्हणून १ जुलैला कागद बघायला घेतले. रेशनकार्डावर माझ्या नावातली वेलांटी पहिली, आधारवर दुसरी. शिवाय कार्डाला ऑनलाइन बारा अंकी नंबर जोडलेला नव्हता. तालुक्याच्या कचेरीत पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद, तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला पण सासूबाईंचं आधार अपडेट नाही म्हणून अडला. त्यांची बोटं घासलेली, ठसे उमटत नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने जन्मभर लावणी केली, भात झोडलं, तिच्या बोटांवर ठसे कुठून राहणार. शेवटी डोळ्यांवरून झालं. ५ ऑगस्टला कार्ड ऑनलाइन दिसायला लागलं. पाच आठवडे, सहा खेपा, रिक्षाचे आणि झेरॉक्सचे मिळून साडेपाचशे.

आणि त्याआधीच, जुलैत, कोल्हापूरच्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्याच्या, टेबलावर मला सांगण्यात आलं की नुसत्या तपासणीसाठी योजना नाही. भरती होऊन उपचार झाला तर. म्हणजे सीटी अँजिओचे पैसे खिशातूनच. तो मुलगा बिचारा सभ्य होता, दोनदा समजावलं. तरी कागद आधीच नीट करून ठेवा हे मी सगळ्यांना सांगते. छातीत दुखत असताना वेलांटी दुरुस्त होत नाही.

१६ जुलै, मंगळवार. दुसऱ्या दिवशी आषाढी. फोंडाघाटातून दाजीपूर, राधानगरी करत जायचं. एसटीने जावं की गाडी करावी यावर घरात दोन दिवस चर्चा. दरड आली तर एसटीत अडकू म्हणून शेजारच्या मुलाची गाडी केली, ४,२०० रुपये. पहाटे साडेचारला निघालो. घाटात पुढचं काही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं धुकं आणि काचेवर पाणी. दाजीपूरला चहाची टपरी उघडी होती. सगळे प्यायले. मला आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. चहाने ठोके वाढतात आणि ठोके वाढले तर फोटो हलतो. चार तास उपाशीही राहायचं होतं. त्या टपरीवरच्या आल्याच्या चहाचा वास मला अजून आठवतो.

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण हीच भीती सगळ्यात मोठी होती. आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी दाखवावी लागते, दीडशे रुपयांत इथेच करून नेली. शिरेतून जे औषध सोडतात ते किडनीतून बाहेर पडतं म्हणून. दमा आहे का, कशाची ॲलर्जी, गरोदर आहात का असे प्रश्न. सही. मग ठोके बघितले, ८८. साठच्या आसपास हवेत. एक गोळी दिली आणि बसवलं. दर पंधरा मिनिटांनी सिस्टर यायची, बोटाला चिमटा लावायची. ८४. ७९. डोळे मिटा म्हणाली. डोळे मिटले की घरचं दिसायचं. मग मी पतसंस्थेचं जमाखर्च पान मनात भरायला लागले, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, एकेक खातं. ७०. परत अर्धी गोळी. दीड तासाने ६२. "कशाचा जप केलात?" तिने विचारलं. मी आवर्त ठेवीचा म्हटलं नाही.

आत मोठं कडं असतं, बोगदा नाही. एमआरआयसारखं कोंडल्यासारखं होत नाही. जिभेखाली फवारा मारतात, शिरा मोकळ्या व्हाव्या म्हणून, त्याने डोकं ठणकतं. हाताला सुई. श्वास घ्या, धरा, असं यंत्रच सांगतं. ते आमच्या वेळी हिंदीत होतं, म्हणून सराव आधी करून घेतात. मग औषध सोडतात आणि घशापासून खाली एकदम गरम लाट जाते. खाली आल्यावर लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. हे कोणी आधी सांगितलं नाही तर माणूस दचकून हलतो आणि सगळं परत. मला आदल्या दिवशी दादाच्या बायकोने फोनवर सांगितलं होतं म्हणून मी दगडासारखी पडून राहिले. प्रत्यक्ष फोटो दहा मिनिटांत. ९,५०० रुपये. बाहेर आल्यावर भरपूर पाणी प्या म्हणतात, आणि परतीला घाट आहे. तेवढं लक्षात ठेवा.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी मिळेल म्हणाले म्हणून थांबलो. कार्डिऑलॉजिस्टना भेटायला सात वाजले, फी आठशे. कॅल्शियम स्कोअर, म्हणजे शिरांच्या भिंतीत साचलेल्या कॅल्शियमचा आकडा, ४२. हृदयाच्या समोरच्या मोठ्या शिरेत सुरुवातीलाच प्लाक, ३० ते ४० टक्के अडथळा. बाकी दोन शिरा जवळजवळ स्वच्छ. वर लिहिलेलं, कॅड-रॅड्स २. म्हणजे २५ ते ४९ टक्क्यांच्या गटात. स्टेंट नाही, बायपास नाही.

ह्यांनी हात जोडले. मी विचारलं, चाळीस टक्के म्हणजे साठ टक्के मोकळं ना? डॉक्टर तरुण होते, सांगलीकडच्या बोलीचे. ते म्हणाले, "ताई, तसं नसतंय." कागदावर एक गोल काढला. भिंत जाड व्हायला लागली की सुरुवातीला शीर बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते, आतली वाट तेवढीच राहते. ग्लॅगोव्ह नावाच्या डॉक्टरांनी १९८७ साली दाखवलं की भिंतीतल्या फुगवट्याने शिरेचा सुमारे ४० टक्के भाग व्यापेपर्यंत आतली वाट फारशी अरुंद होतच नाही. म्हणजे वाट अरुंद दिसायला लागली तेव्हा आजार बराच जुना असतो. आणि झटका बऱ्याचदा मोठ्या अडथळ्याने येत नाही. लहान, मऊ प्लाक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि दहा मिनिटांपूर्वी मोकळी असलेली शीर बंद. म्हणून तुम्हाला काही होत नव्हतं, आणि म्हणूनच गोळ्या आयुष्यभर.

मला आमच्या डॉक्टरांच्या कोपऱ्यातला तो पोपडा आठवला. आतून ओली असते भिंत, आणि एका दुपारी काही कारण नसताना पोपडा खाली पडतो.

शिबिराच्या दीड हजारापासून कोल्हापूरच्या गाडीपर्यंत एकूण २१,३०० रुपये झाले. वहीत लिहून ठेवलेत. औषधं आणि रेशनकार्डाच्या खेपांचे साडेपाचशे वेगळे.

खरं अवघड पुढे होतं, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. रोज रात्री गोळी. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या आणि मांड्या दुखायला लागल्या. स्टॅटिनने होतं हे वाचलेलं होतं, म्हणून चार दिवस गोळी गुपचूप बंद केली. दुखणं तसंच राहिलं. मग लक्षात आलं, त्याच आठवड्यात आमच्या दळ्यात (शेतात) तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला वाकले होते. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी आधी माका विचार." ॲस्पिरिन ७५ जेवणानंतर. तालुक्याच्या जनऔषधी दुकानात सगळं मिळून महिन्याला बाहेरच्यापेक्षा निम्म्याहून कमी पडतं. पण पंधरा तारखेच्या आत जा, नंतर रक्तदाबाची संपलेली असते.

खाण्याचं मला वाटलं होतं तेवढं कठीण गेलं नाही. नारळ बंद करायला कोणी सांगितलं नाही. नारळाच्या रसाची आमटी रोजच्याऐवजी आठवड्याला दोनदा, तेलाची बाटली महिन्याला मोजून. ताजे बांगडे चालतात, चांगलेच. सुके बांगडे, खारवलेलं, पापड, लोणचं हे मिठासाठी कमी. दिवसाला माणशी पाच ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, त्यात सगळं आलं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी माझी डाळ वेगळी काढली. चौथ्या दिवशी सगळ्यांनाच तीच द्यायला लागल्या. "दोन टोप कोण घासतला?"

मशेरी. ते मी अजून नीट लिहू शकत नाही. १० जूनच्या संध्याकाळी डबी परसात नेली आणि माडाच्या आळ्यात रिकामी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जाऊन बोटाने माती उकरून बघितली. पावसाने सगळं धुऊन नेलं होतं. पहिले नऊ दिवस डोकं धरलेलं, पोट साफ नाही, लेकीवर फोनवर ओरडले. जिरं भाजून तोंडात ठेवायचे. चतुर्थीला, ७ सप्टेंबरला, माहेरच्या बायका जमल्या तेव्हा एकीने पदराआडून डबी पुढे केली आणि मी घेतली. लावली. एकदाच. घरी येऊन ह्यांना सांगितलं. त्यानंतर नाही.

१८ सप्टेंबरला तीन महिन्यांचं रक्त. एलडीएल ८२. निम्मं झालं होतं, मी खूश. फिजिशियन म्हणाले सत्तरच्या खाली हवं, आणि इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी वाढवली. चालणं जून ते सप्टेंबर पडवीतच केलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस पावलं, अर्धा तास, रोज. कुत्रा सुरुवातीला मागे मागे फिरायचा, मग कंटाळून उंबऱ्यावर पडून नुसता बघत राहायचा.

१६ डिसेंबरला एलडीएल ६६. रक्तदाब १२६/८०. रिपोर्ट घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, आता मानेची सोनोग्राफी परत करूया, १.१ चं किती झालं बघू. मनात आकडा ठरवलेला होता माझा, निदान १.०.

ते म्हणाले, नको. ती जाडी वर्षाला सरासरी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढी बदलते. यंत्र धरणाऱ्याचा हात थोडा तिरका झाला तरी त्याहून जास्त फरक पडतो. "१.२ इला तर तू परत भात बंद करतलंस. ०.९ इला तर गोळी बंद करतलंस."

मी म्हटलं, मग मला कळणार कसं?

त्यांनी रक्ताचा कागद माझ्याकडे सरकवला, ६६ खाली पेनाने रेघ मारली आणि पुढची तारीख लिहिली, १७ मार्च, उपाशीपोटी. कोपऱ्यातला तो पोपडा त्यांनी दिवाळीत खरवडून काढला होता. तिथे नवीन सिमेंटचा करडा डाग होता, रंग अजून दिलेला नव्हता.